बाटली पाठवू नका, अण्णा

तीर्थरूप अण्णांस आणि ती. सौ. आईस शिकागोहून चिरंजीवांचा शिरसाष्टांग नमस्कार.

मागच्या पत्रातल्या सत्तावीस ‘मी’ंना अण्णांनी लाल शाईने गोल केले आणि फोटो काढून पत्र साभार परत पाठवलं. खाली शेरा होता: ‘हे पत्र आहे की आत्मचरित्र? पेपरात येतं तसं लिहावं. कोण, कुठे, केव्हा, किती.’ निवृत्त शिक्षकापुढे कुणाचं चाललंय? तेव्हा हे पत्र वार्ताहराच्या थाटात. विषयही अण्णांनीच फोनवर दिलेला आहे, तोही यंत्रमागाच्या खडखडाटावर मात करायची सवय लागलेल्या आवाजात: ‘त्या तळ्यात पोरांना सोडता, त्याचं पाणी कुणी तपासतं का?’

तपासतात. पोहण्याच्या मोसमात रोज.

आधी तळ्याबद्दल. ‘तळं’ म्हटलं की अण्णांच्या डोळ्यांपुढे कामतघरचा वऱ्हाळा येतो, एका बाजूला देवीचं देऊळ आणि चारी बाजूंनी वाढत आलेली भिवंडी. मिशिगन सरोवर सुमारे ५८,००० चौरस किलोमीटरचं आहे. आपला कोकण विभाग, पालघरपासून सिंधुदुर्गापर्यंतचा, त्यात जवळजवळ दोनदा मावेल. पलीकडचा काठ दिसत नाही, लाटा येतात, वाळू आहे, वाळूवर छत्र्या आहेत. फक्त पाणी गोडं. हे आई इथे आली होती तेव्हा कुणी सांगूनही तिला पटलं नव्हतं. तिने ओंजळ भरली, चूळ भरावी तसं पाणी तोंडात फिरवलं आणि जाहीर केलं, ‘अगोबाई, खरंच खारट नाही!’ सूनबाईंचा चेहरा त्या क्षणी पाहण्यासारखा होता. पुढचे दोन दिवस त्या आईला दर तीन तासांनी ‘पोट कसंय?’ विचारत होत्या. पोट उत्तम होतं.

मोसम मे महिन्याच्या अखेरीस सुरू होतो आणि सप्टेंबरच्या पहिल्या सोमवारी संपतो. एरवी त्या पाण्यात पाय घालायची छाती फक्त बदकांची. मोसमात शहराच्या उद्यान खात्याची माणसं भल्या सकाळी प्रत्येक किनाऱ्यावर जातात. एकदा लवकर पोचल्यामुळे सगळ्या कुटुंबाला हा विधी पाहायला मिळाला. एक तरुण गुडघाभर पाण्यात उगवत्या सूर्याकडे तोंड करून उभा, हातात बाटली. धाकटा लगेच म्हणाला, ‘हा आजोबांसारखं अर्घ्य देतोय.’ पण हा देत नव्हता, घेत होता. निर्जंतुक बाटलीचं झाकण त्याने आतल्या बाजूला बोट न लावता उघडलं, बाटली उपडी करून पाण्याखाली नेली, तिथे वळवून भरली आणि किनाऱ्यावर येऊन बर्फाच्या डब्यात ठेवली. पृष्ठभागावरचा तवंग नको आणि तळचा गाळही नको, म्हणून ही कसरत. सोवळ्यात पाणी भरणाऱ्या आजीच्या तोडीचं काम होतं.

आता या बाटलीत शोधतात काय? अण्णांना वाटतं तसे कॉलरा, टायफॉइड, कावीळ यांचे जंतू एकेक करून शोधत नाहीत. ते शंभर तऱ्हांचे, थोडे, आणि सापडायला अवघड. म्हणून उष्ण रक्ताच्या प्राण्यांच्या आतड्यात कोट्यवधींनी राहणारे साधे जंतू मोजतात. एक ई. कोलाय, जो थिओडोर एशेरिख या डॉक्टरांनी १८८५ मध्ये तान्ह्या बाळांच्या लंगोटातून शोधून काढला. दुसरे एंटेरोकॉकाय. यातले बहुतेक स्वतः फारसे त्रासदायक नसतात. पण रस्त्यात बँडवाले दिसले की मागे नवरदेव असणार हे जसं ओळखतो, तसं हे जंतू दिसले की पाण्यात मैला आला आणि त्याच्यासोबत वऱ्हाडही आलं असेल, असं धरतात.

जुनी पद्धत जंतू वाढवून मोजण्याची. पाण्यात त्यांचं खाद्य घालायचं, उबेत ठेवायचं आणि अठरा ते चोवीस तास थांबायचं. ई. कोलाय असेल तर अतिनील दिव्याखाली पाणी निळसर चमकतं. पद्धत चांगली, पण सोमवारच्या पाण्याचा निकाल मंगळवारी. म्हणजे आजच्या आमटीत मीठ किती पडलं ते उद्या जेवताना कळणार. दरम्यान सोमवारी पोहणारे पोहून गेले आणि मंगळवारी, पाणी कदाचित स्वच्छ झालेलं असताना, किनारा बंद.

शिकागोने २०१७ पासून आपल्या सगळ्या सार्वजनिक किनाऱ्यांवर जंतूंचा डीएनए मोजायला सुरुवात केली. बाटल्या इलिनॉय विद्यापीठाच्या प्रयोगशाळेत जातात, तीनचार तासांत एंटेरोकॉकायचा आकडा येतो आणि दुपारपर्यंत किनाऱ्यावर बावटा चढतो. आकडा हजाराच्या आत असेल तर हिरवा. वर गेला तर पिवळा, म्हणजे ‘पोहा, पण सांभाळून’. लाल बावटा म्हणजे पाण्यात पाय घालायचा नाही. तो बहुधा मोठ्या लाटांसाठी चढतो.

इथे एक बातमी खास अण्णांसाठी राखून ठेवली आहे. डीएनएच्या या तपासणीत, म्हणजे पीसीआरमध्ये, नमुना पुन्हा पुन्हा उकळीजवळ तापवून थंड करतात. साधं विकर त्या उष्णतेत मरतं. म्हणून गरम पाण्याच्या कुंडात सुखाने राहणाऱ्या एका जिवाणूचं विकर वापरतात. तो जिवाणू, थर्मस अक्वाटिकस, थॉमस ब्रॉक यांना १९६० च्या दशकात अमेरिकेतल्या यलोस्टोनच्या कुंडांत सापडला. पीसीआर शोधणाऱ्या कॅरी मलिस यांना १९९३ चं नोबेल मिळालं आणि ती पद्धत जगभर पसरली ती या विकराच्या जिवावर. अण्णा दर हिवाळ्यात वज्रेश्वरीला जाऊन अकलोलीच्या कुंडात गुडघे शेकतात. ‘असले जंतू आमच्याकडेही सापडले असते, शोधायला कुणी वाकलं नाही,’ असं ते म्हणणार, हे वार्ताहर आधीच नोंदवून ठेवतो.

सूनबाईंचा मात्र या सगळ्या यंत्रणेवर एक आक्षेप आहे, आणि तो रास्त आहे. अमेरिकेच्या पर्यावरण खात्याचे २०१२ चे निकष त्यांनी वाचले. गोड्या पाण्यात १०० मिलिलिटरमागे ई. कोलायची सरासरी १२६ पर्यंत चालते. हा आकडा आला कुठून? तर तेवढे जंतू असलेल्या पाण्यात पोहणाऱ्या हजार माणसांमागे सुमारे छत्तीस जणांचं पोट बिघडेल, आणि तेवढं चालवून घ्यावं, असा हिशेब आहे. सूनबाई म्हणाल्या, ‘म्हणजे सरकारचा आणि आपल्या पोटाचा छत्तीसचा आकडा हे आता लेखी आहे.’ तेव्हापासून पाण्यातून बाहेर आलेल्या मुलांना त्या आधी चूळ भरायला लावतात, मग टॉवेल देतात.

पिवळ्या बावट्याच्या दिवशी हे कुटुंब वाळूत बसून बटाटेवडे खातं. अशाच एका रविवारी एक सीगल आला आणि धाकट्याच्या हातातला अख्खा वडा घेऊन गेला. ‘अतिथी देवो भव’ म्हणून धाकट्याने दुसराही पुढे केला, तेव्हा शेजारच्या छत्रीतल्या गोऱ्या आजीबाई खवळल्या. त्यांचं बरोबर होतं. ६३व्या रस्त्याच्या किनाऱ्यासारख्या ठिकाणी, जिथे बांधांमुळे पाणी कोंडून राहतं, तिथे या पक्ष्यांची शीट हे जंतूंचं मोठं कारण आहे. त्यांना हुसकायला शहराने काही किनाऱ्यांवर मेंढ्या राखणारे बॉर्डर कॉली जातीचे कुत्रे आणले होते. कुत्रे पक्ष्यांमागे धावायचे, पक्षी उडून जायचे, आकडा खाली यायचा. वडा खाऊ घालणं म्हणजे उद्याचा बावटा आज पिवळा रंगवणं. वाळूचीही तीच कथा. संशोधकांना ओल्या वाळूत पाण्यापेक्षाही जास्त ई. कोलाय सापडले आहेत. थोरलीने हे वाचल्यापासून भावाला किल्ला बांधू दिला आहे, पण त्या हातांनी वडा नाही.

पावसाचं प्रकरण मात्र पक्ष्यांच्या आवाक्याबाहेरचं आहे, आणि इथे शिकागोचा इतिहास भिवंडीकरांनी वाचावा असा आहे. हे शहर सरोवराचं पाणी पीत होतं आणि आपली घाण नदीतून त्याच सरोवरात सोडत होतं. टायफॉइडने माणसं मरत होती. शेवटी त्यांनी कालवा खणला आणि २ जानेवारी १९०० रोजी नदीच उलटी वाहायला लावली. सरोवराचं पाणी आता शहरातून घाण घेऊन खाली मिसिसिपीकडे. घराचा केर शेजाऱ्याच्या दारात लोटण्याचा इतका भव्य प्रयोग दुसरा नसेल. खालचं मिसूरी राज्य अर्थातच कोर्टात गेलं: आमच्या सेंट लुईसच्या पिण्याच्या पाण्यात तुमचे जंतू येतात.

येतात की नाही हे ठरवायला नोव्हेंबर १९०१ मध्ये कालव्यात एका खुणेच्या जंतूची १०७ पिंपं ओतली गेली. वाढवला की लालभडक दिसणारा, सहज ओळखू येणारा जंतू. त्यातला एक नमुना डिसेंबरमध्ये सेंट लुईसजवळ सापडला! तरीही १९०६ मध्ये सर्वोच्च न्यायालयात मिसूरी हरलं. पुरावा पुरेसा नाही असं न्यायमूर्ती होम्स यांनी लिहिलं. मिसूरीची स्वतःची गावंही त्याच नद्यांत घाण सोडत होती, हा मुद्दा राज्याला भोवला. भिवंडीच्या कामवारी नदीकाठी आजही हा संवाद ऐकू येतो. डाईंगवाला म्हणतो घाण वस्तीची, वस्ती म्हणते सायझिंग-डाईंगची, आणि नदी दोघांचंही घेऊन वसईच्या खाडीकडे निघते.

उलटी फिरवलेली नदी अतिवृष्टीत पुन्हा सुलटी होते. शिकागोच्या जुन्या भागात पावसाचं आणि संडासाचं पाणी एकाच गटारातून जातं. फार पाऊस पडला की शहर बुडू नये म्हणून दरवाजे उघडतात आणि मिश्रण सरळ सरोवरात. २ जुलै २०२३ ला असंच झालं. म्हणून अमेरिकेत बऱ्याच किनाऱ्यांवर जोराच्या पावसानंतर दोन दिवस पाण्यात उतरू नका असं सांगतात. अण्णा चाळीस वर्षं सांगत आले आहेत की पहिल्या पावसाचं पाणी घोटाभरही नको, ते गावभर धुऊन आलेलं असतं. अण्णांचा नियम डीएनएविना आणि फुकट होता. पण अण्णांचाच दुसरा नियम, ‘तळ दिसतो ते पाणी चांगलं’, तेवढा खरा नाही. गेल्या वर्षी एका लहानशा तळ्यात तळाचे गोटे मोजता येत होते. तिथे बावटा नव्हता, बाटली घेऊन कुणी येत नव्हतं. पोहून आल्यावर तिसऱ्या दिवशी चिरंजीव, थोरली आणि धाकटा न्हाणीघराबाहेर रांगेत उभे होते. सूनबाई पोहल्या नव्हत्या. त्या रांगेचं नियोजन करत होत्या.

आता अण्णांचा खरा प्रश्न, जो फोन ठेवता ठेवता हळूच आला. ‘पुढच्या महिन्यात मामाचा मुलगा शिकागोला येतोय. त्याच्याबरोबर वऱ्हाळ्याची एक बाटली पाठवतो. तिकडे तपासून कळव.’

अण्णा, बाटली पाठवू नका. नमुना बर्फात ठेवून सहा तासांत प्रयोगशाळेत पोचावा लागतो, नाहीतर वाटेत काही जंतू मरतात, काही वाढतात आणि आकड्याला अर्थ उरत नाही. मुंबईहून इथवर यायला वीसेक तास लागतात. शिवाय कस्टमच्या माणसाला ‘हे आमच्या तळ्याचं पाणी, यात मैला आहे का ते बघायचंय’ हे मामाचा मुलगा कोणत्या इंग्रजीत सांगणार?

शिवाय आपल्याकडे निकष नाहीत असं मुळीच नाही. अंघोळीच्या पाण्यासाठी केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने १०० मिलिलिटरमागे फीकल कोलिफॉर्म ५०० पर्यंत असावेत आणि २,५०० च्या वर जाऊ नयेत असं ठरवलेलं आहे. हा आकडा अमेरिकेच्या १२६ शेजारी ठेवून भांडू नये. ते ई. कोलायचं एक घर मोजतात, आपण सगळी भावकी. प्रयागराजच्या कुंभात २०२५ मध्ये याच मोजमापावरून हरित लवादापुढे चर्चा झाली. आईचा २०२७ च्या सिंहस्थाला नाशिकला जायचा बेत आहे, तेव्हा रामकुंडाचा त्या आठवड्याचा आकडा विचारायला तिलाही हरकत नाही.

घरीच करायचं असेल तर काळी पडणारी बाटली मिळते. ही तपासणी १९८२ मध्ये भारतीय शास्त्रज्ञांनीच काढली. बाटलीत पाणी भरून उबेत दोन दिवस ठेवायचं. काळं झालं तर मैला आहे. उबेसाठी यंत्र नको, भिवंडीतला मे महिन्यातला माळा पुरेसा आहे. पण ती पिण्याच्या पाण्यासाठी. वऱ्हाळ्याच्या पाण्याने ती काळी होणारच. ‘किती’ ते ती सांगत नाही, आणि पेपरात ‘किती’ लागतं असं अण्णांनीच शिकवलंय.

त्यासाठी ठाण्याला पाणी तपासणाऱ्या प्रयोगशाळेत जावं लागेल. निर्जंतुक बाटली त्यांच्याकडूनच आणावी. आईची लोणच्याची धुऊन चालणार नाही. गुडघाभर पाण्यात, गाळ न ढवळता भरावी, वर बोटभर जागा सोडावी. बर्फ मासेवाल्याकडून घेतला तरी चालेल, पण बाटली प्लास्टिकच्या पिशवीत बांधूनच त्यात ठेवावी. आणि आदल्या संध्याकाळी भरून, रात्रभर फ्रिजमध्ये ठेवून, सकाळच्या एसटीने निघू नये. सहा तास बाटली भरल्यापासून मोजतात, घरून निघाल्यापासून नाही.

कळावे.