तपशीलकाकांची रेकॉर्डरखरेदी

आमच्या सोसायटीतले तपशीलकाका गिटार वाजवतात, यापेक्षा गिटार वाजवण्याची तयारी करतात असं म्हणणं सत्याला धरून होईल. हे नाव त्यांना सोसायटीने दिलं आणि त्यांनी ते मानाने स्वीकारलं. हयात सरकारी खात्याच्या खरेदी विभागात गेली. टाचण्यांची डबी घ्यायची तरी तीन कोटेशनं, तुलनात्मक तक्ता, तक्त्याखाली टिपणी, टिपणीखाली सही. निवृत्तीनंतर खातं सुटलं, तक्ता सुटला नाही. घरातला मिक्सर तक्त्यातून आला, जावईही तक्त्यातूनच आला असं काकू म्हणतात. काका त्यावर एवढंच विचारतात, "मग, निवड चुकली का?"

गिटार मात्र कोटेशनाविना आली. मुलगी बंगळूरला गेली आणि तिची कॉलेजातली गिटार माळ्यावर राहिली. काकांनी ती उतरवली, तारा बदलून घेतल्या आणि कोपऱ्यावरच्या क्लासात नाव घातलं. शिकवणारे सर पंचविशीतले. ते यांना काका म्हणतात, हे त्यांना सर म्हणतात. सगळं सुरळीत चाललं होतं. तेवढ्यात एका रविवारी सर सहज म्हणाले, "काका, घरी वाजवताना रेकॉर्ड करत जा. चुकतं कुठे ते वाजवताना कळत नाही."

सर तालाबद्दल बोलत होते. काकांनी ते वाक्य खरेदीचं मागणीपत्र म्हणून दाखल करून घेतलं.

सरांचं म्हणणं शंभर टक्के बरोबर होतं, हे आधी सांगून टाकतो. नवशिक्याचं सगळं लक्ष डाव्या हाताच्या बोटांत अडकलेलं असतं. सी कॉर्डवरून एफवर जाताना हात थांबतो, पहिलं बोट सगळ्या तारांवर आडवं पाडायचं असतं, एखादी तार दबतच नाही. पण वाजवणाऱ्याला मधली ती फट ऐकूच येत नाही, कारण मनात गाणं पुढे चाललेलं असतं. शिवाय गिटारच्या पोटावरचं भोक समोरच्याच्या तोंडाकडे असतं. वाजवणारा वरून, मागून ऐकतो. आपण ऐकतो ती गिटार वेगळी आणि लोकांच्या वाट्याला येते ती वेगळी. हा भेद उघड करायला कुठलंही यंत्र चालतं. 'कुठलंही' या शब्दाला मात्र खरेदी विभागात जागा नाही.

तक्त्यात पहिल्यांदा हातात मावणारे रेकॉर्डर आले: झूमचा एच-वन, टॅस्कॅमचा डीआर-०५, सोनीचा एक. डोक्यावर दोन माइक, मधोमध लाल बटण, आत बोटाच्या नखाएवढं कार्ड. तिथेच थांबले असते तर काम त्याच आठवड्यात झालं असतं. पण स्तंभ वाढत गेले. एका संध्याकाळी मला बोलावणं आलं.

"९६ किलोहर्ट्झ हवंच," काका म्हणाले.

"कशाला?"

"सीडीला ४४.१ असतं. म्हणजे निम्म्याहून कमी."

मी म्हटलं, "काका, ४४.१ मध्ये बावीस हजार हर्ट्झपर्यंतचा आवाज मावतो. तरुण कानाला फार तर वीस हजारांपर्यंतचं ऐकू येतं. तुमची जाड तार वाजते ८२ हर्ट्झला. आणि साठीनंतर तर वरचं बरंचसं..."

"मला नसेल ऐकू येत," काका शांतपणे म्हणाले, "रेकॉर्डरला यायला हवं."

पुढे बोलण्यात अर्थ नव्हता. ४४.१ किलोहर्ट्झ आणि १६ बिटला स्टीरिओ रेकॉर्डिंग मिनिटाला साधारण १० एमबी खातं, ९६ आणि २४ ला साडेचौतीस. एवढं मी सांगायला गेलो, तर त्यातून मेमरी कार्डांचा वेगळा तक्ता निघाला.

मग त्यांना कळलं की खरे लोक रेकॉर्डर वापरतच नाहीत. खरे लोक कंडेन्सर माइक घेतात, त्याला ४८ व्होल्ट पुरवणारा ऑडिओ इंटरफेस घेतात, तो कॉम्प्युटरला जोडतात. त्या तक्त्यात स्टँड आला, केबल आली, बंद कानांचा हेडफोन आला. कंडेन्सर माइक फार हळवा असतो, बारीकसारीक सगळं टिपतो, हे वाचल्यावर काका पहिल्यांदाच घर ऐकू लागले. फ्रिज घुंई करतो. पंखा खटखटतो. खाली कोणी गाडी मागे घेतली की गाडी भक्तिगीत वाजवते. शेजारच्या कुकरची तिसरी शिट्टी नेमकी रियाजाच्या वेळेला. रेकॉर्डरआधी खोली सुधारणं आलं. काकूंच्या आईच्या हातच्या दोन गोधड्या बेडरूमच्या भिंतींवर चढल्या. त्याने खोलीतला घुमारा कमी होतो हे खरं आहे. कुकर कमी होत नाही.

"अहो, थंडीत मी काय अंगावर भिंत घेऊ?" काकू म्हणाल्या. गोधड्या उतरल्या.

मध्यंतरी काकांना ब्रूस स्प्रिंगस्टीन सापडला. 'नेब्रास्का' हा त्याचा १९८२ चा अल्बम त्याने न्यू जर्सीतल्या भाड्याच्या घरात, झोपायच्या खोलीत, टॅस्कॅमच्या पोर्टास्टुडिओ नावाच्या चार ट्रॅकच्या कॅसेट रेकॉर्डरवर रेकॉर्ड केला होता. यंत्र १९७९ मध्ये आलेलं, माइक दोन, तेही कुठल्याही स्टेजवर दिसणारे शुअरचे एसएम-५७. ती रेकॉर्डिंगं निव्वळ कच्चा नमुना होती. बँडला ऐकवायची, मग स्टुडिओत नीट करायची. स्टुडिओत केलीही, पण तो जीव येईना, म्हणून शेवटी ती कॅसेटच प्रसिद्ध झाली. या कथेवरून कोणीही समंजस माणूस एकच निष्कर्ष काढेल. काकांनी दुसरा काढला. "बघ, चार ट्रॅक लागतात."

यंत्राच्या अलीकडे स्प्रिंगस्टीन बसला होता, ही बाब तक्त्याच्या कुठल्याच स्तंभात बसेना.

एका शनिवारी मीच त्यांना वाद्यांच्या दुकानात घेऊन गेलो, म्हटलं यंत्र हातात आलं की सुटेल. काउंटरवरच्या मुलाने रेकॉर्डर काढला, बॅटऱ्या घातल्या आणि भिंतीवरची एक गिटार काढून काकांच्या हातात दिली. "वाजवा काका. अर्धा मिनिट वाजवा, लगेच ऐकवतो."

काकांनी गिटारकडे पाहिलं. लाल बटणाकडे पाहिलं. मग विचारलं, "बॅटरी किती तास जाते?"

मुलाने सांगितलं. "नाही, पण बघा तरी वाजवून."

"पट्टा नाहीये का याला? आणि मॅन्युअल मराठीत?" मग खांदा दुखायला लागला. मग पार्किंग आठवलं. आम्ही बाहेर आलो. दोन वर्षं न कळलेली गोष्ट मला तिथे फुटपाथवर कळली: काकांना रेकॉर्डर नको होता असं नाही, त्यात आपण नको होतो. तक्ता पुरा होईपर्यंत स्वतःचा एफ कॉर्ड ऐकावा लागत नाही, आणि खरेदी विभागात आयुष्य गेलेल्या माणसाला तक्ता अपुरा ठेवणं शिकवावं लागत नाही. ही जात काही गिटारवाल्यांपुरती नाही. पळण्याआधी बुटांचा अभ्यास करणारे आणि लिहिण्याआधी पेन शोधणारे याच खात्यातले. मी स्वतः त्या पेनांच्या टेबलावर बसतो, त्यामुळे जास्त बोलत नाही.

याच घरात काकू आहेत. त्या भजनी मंडळात गातात. मोबाइल तांदळाच्या डब्याला टेकवतात, रेकॉर्डिंगचं बटण दाबतात, अभंग म्हणतात, कणीक मळता मळता ऐकतात आणि स्वतःशीच पुटपुटतात, "दुसऱ्या अंतऱ्यात धावले." पुन्हा म्हणतात. त्यांना बिट माहीत नाहीत. त्यांच्या लहानपणी घरात टेपरेकॉर्डर होता. लाल ठिपक्याचं बटण आणि प्ले ही दोन्ही एकदम दाबायची, कॅसेटच्या मागची टिकली तोडलेली असेल तर त्या खाचेवर चिकटपट्टी लावायची, एवढंच ध्वनिमुद्रणशास्त्र त्यांना ठाऊक, आणि एवढ्यावर त्यांचा सूर दरवर्षी सुधारतो आहे.

काकांचा मोबाइलवर एक आक्षेप मात्र रास्त आहे. तोही नोंदवतो, म्हणजे एकतर्फी वाटायला नको. बरेचसे फोन आवाज आपोआप सारखा करतात: हळू वाजवलेलं वर उचलतात, जोराचं खाली दाबतात. त्यामुळे आपण किती एकसारखं वाजवलं असा खोटा आनंद होतो. छोट्या रेकॉर्डरांत ही सोय बंद करता येते, पातळी हाताने ठरवता येते, आणि काहींत सूर न बदलता वेग कमी करून ऐकता येतं. दोष शोधायला ते फार कामाचं. कोणी खरंच विकत घेत असेल तर यासाठी घ्यावा. एक बटण दाबलं की सुरू होईल असा घ्यावा. मेनूत शिरावं लागलं की रियाज राहतो. फोन असो वा रेकॉर्डर, हातभर अंतरावर, खाली रुमाल घालून, भोकासमोर न ठेवता मान जिथे अंगाला मिळते तिकडे तोंड करून ठेवावा. भोकासमोर ठेवला तर नुसता घुमतो.

गेल्या महिन्यात काकूंनी एक अभंग रेकॉर्ड करून मंडळाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकला. दहा बायकांनी हात जोडले. अकराव्या बाईंनी विचारलं, "मागे कपाट कोण सरकवतंय?"

आतल्या खोलीत काका एफ कॉर्ड लावत होते. सी, सी, सी, मग मोठी सामसूम, मग एक घरघर, मग पुन्हा सी. काकूंनी मोबाइल त्यांच्यासमोर धरला. मी तिथेच होतो. काकांनी ते पहिल्यापासून शेवटपर्यंत ऐकलं. पुन्हा ऐकलं. चष्मा काढून पुसला.

"मोनो आहे," काका म्हणाले.

पण त्या रात्री साडेनऊपर्यंत आतून एफ येत होता, आणि शेवटी शेवटी मधली सामसूम थोडी आखडली होती, हे काकूही मान्य करतात. दुसऱ्या दिवशी तक्त्यात नवा स्तंभ आला: 'अनवधानाने रेकॉर्ड होण्याची शक्यता'. तीन कोटेशनं आली आहेत, टिपणी लिहून तयार आहे, सही तेवढी बाकी आहे. तेव्हा वाचकांना कळकळीची विनंती: तुमच्या घरी एखादा चांगला रेकॉर्डर वापराविना पडून असेल आणि स्वस्तात द्यायचा असेल, तर कृपा करून आमच्या सोसायटीत कोणाला कळवू नका. चौथं कोटेशन आलं की तक्ता पुन्हा पहिल्यापासून करावा लागतो.