बिडकर बोली लावतात

बिडकर हे त्यांचं खरं आडनाव नव्हे. खरं आडनाव चांगलं कोकणातलं आहे, पण चेन्नईच्या उत्तरेला एन्नोर ते तिरुवोट्टियूर या पट्ट्यातल्या मोजक्या मराठी घरांत त्याचा कोणी उच्चारही करत नाही. ते आता फक्त गॅसच्या पावतीवर उरलं आहे. विमानाचं तिकीट काढलं की काही दिवसांनी कंपनीचा एक गोड मेल येतो: पुढच्या वर्गात बसायला आवडेल का? मग बिड करा. तुम्ही-आम्ही तो न वाचता पुसून टाकतो. बिडकर त्याची प्रिंट काढतात.

माणूस मूळचा डोंबिवलीचा. हे आधीच सांगितलेलं बरं, कारण डोंबिवलीकराच्या फर्स्ट क्लासबद्दलच्या कल्पना लोकलमध्येच पक्क्या होतात. तोच घाम, तीच कोपरं, तोच दरवाजा. फक्त पास महाग आणि भांडण इंग्रजीत. पण त्या महागाईला एक अब्रू होती. दर छापलेला असायचा आणि शेजारच्यालाही तोच असायचा. मे २०२२ मध्ये रेल्वेने मुंबई लोकलच्या फर्स्ट क्लासचं एकेरी भाडं साधारण निम्म्यावर आणलं, तेव्हा ते सगळ्यांसाठी एकाच दिवशी उतरलं. आदल्या रात्री कोणाला मेल पाठवून ‘तुम्ही किती द्याल?’ असं विचारलं गेलं नाही.

नोकरीपायी हे गृहस्थ एन्नोरला आले. इथल्या कामराजर बंदरात कोळशाची जहाजं लागतात. एवढा कोळसा काही तराजूत घालता येत नाही. जहाजाच्या अंगावर आकडे रंगवलेले असतात. माल उतरवण्याआधी आणि उतरवल्यानंतर जहाज पाण्यात किती बुडालं आहे ते वाचायचं, पाण्याची घनता बघायची, टाक्यांतलं पाणी आणि इंधन वजा करायचं, की मालाचं वजन निघतं. याला ड्राफ्ट सर्व्हे म्हणतात आणि बिडकर त्यात वाकबगार आहेत. साठ-सत्तर हजार टन कोळसा अर्ध्या-एक टक्क्याच्या आत सांगणारा हा माणूस विमानातल्या एका खुर्चीची किंमत काढताना मात्र गळ्यापर्यंत बुडालेला आहे.

त्यासाठी त्यांनी उधारी खात्याची एक लांबट, लाल वही घातली आहे. रकाने पाच: तिकीट काढताना, मेलमध्ये, वेब चेक-इनला, काउंटरवर, दारात. एक पान मी पाहिलं आहे. चेन्नई-मुंबई, एकच तारीख, एकच विमान, पुढची तीच दुसरी रांग. तिकीट काढताना साध्या आणि बिझनेस वर्गात फरक १८ हजारांचा. मेलमध्ये किमान बोली ५ हजार. वेब चेक-इनला ‘आत्ताच घ्या’ म्हणून ९ हजार. काउंटरवर १२. पाचव्या रकान्यात आकडा नाही. तिथे ‘बाई हसल्या’ एवढंच लिहिलं आहे.

(देशातल्या विमानांत पुढचा वर्ग असतो तो बहुधा बिझनेस. पण बिडकर त्याला फर्स्ट क्लासच म्हणतात, आणि डोंबिवलीच्या माणसाला त्यावरून टोकायचं धाडस मी करत नाही.)

बोली लावण्याचा सोहळा रात्री जेवणं झाल्यावर गच्चीवर होतो. समोर वीज केंद्राच्या चिमण्यांवरचे लाल दिवे, पलीकडे खाडीचा काळोख, कठड्यावर राखेचा पातळ थर. फोनवर मोटारीच्या स्पीडोमीटरसारखी एक तबकडी उघडते. काटा डावीकडे असला की तांबडा, म्हणजे आशा सोडा. उजवीकडे सरकवत नेला की पिवळा, मग हिरवा. बिडकर अंगठ्याने शंभर-शंभर रुपये चढवतात. ५,२००. तांबडा. ५,९००. तांबडाच. ६,४०० ला जरा पिवळसर झाल्याचा भास होतो, म्हणून चष्मा पुसून ते पुन्हा ६,३०० वर येतात.

“बघितलंत?” ते मला म्हणतात. “मेख या शंभरात आहे.”

“त्या शंभरात डासांच्या उदबत्त्या येतात,” जिन्यातून वहिनींचा आवाज येतो. “उद्या येताना आणा.”

माझं आपलं एक साधं म्हणणं होतं. बोली कमी आहे हे सांगणारा आणि वाढवलेले पैसे घेणारा एकच असेल, तर त्याचा काटा कशाला हिरवा होईल? शिवाय या लिलावात बाकीचे किती जण आहेत, त्यांनी काय लावलं आहे, जागा किती उरल्या आहेत, यातलं काहीच आपल्याला दिसत नाही. आपण एकटेच अंधारात ओरडायचं आणि आपल्याच आवाजाला घाबरून आकडा वाढवायचा. बिडकरांनी हे शांतपणे ऐकलं आणि ६,५०० केले.

गणपतीत आमच्याकडे विट्याकडचे एक गलाईवाले येतात. सांगली जिल्ह्यातल्या खानापूर-आटपाडी भागातली ही मंडळी सोनं गाळायच्या धंद्यात देशभर पसरली आहेत. यांचं काम चेन्नईच्या सौकारपेटेत चालतं. आरती झाल्यावर बिडकरांनी त्यांच्यापुढे वही उघडली. गलाईवाल्यांनी पाचही रकाने बोट ठेवून वाचले.

“आमच्यात बी भाव रोज हालतोय,” ते म्हणाले. “पर गिऱ्हाइकाचं त्वांड बघून न्हाई हालत.”

हा शेरा बिडकरांना इतका झोंबला की त्यांनी इतिहासात हात घातला. तिथे त्यांना द्युपुई सापडले. हे फ्रेंच अभियंते. रेल्वेचा तिसरा वर्ग इतका हलाखीचा का, याचं उत्तर त्यांनी १८४९ मध्ये देऊन ठेवलं आहे. तिसऱ्या वर्गाच्या डब्यांना छप्पर घालायला फारसा खर्च येत नाही. तरी कंपन्या ते घालत नाहीत. गरिबाला भिजवण्यात त्यांना रस नसतो. दुसऱ्या वर्गाचं भाडं परवडणारा माणूस तिसऱ्यात येऊन बसू नये, एवढ्यासाठी पाऊस आत येऊ द्यायचा. हे कळलं त्या दिवशी बिडकर हर्षभरित होऊन माझ्याकडे आले. “म्हणजे माझे गुडघे पुढच्या सीटला लागतात ते कोणाच्या चुकीने नव्हे! ते मुद्दाम लागू दिलेत!” स्वतःच्या गुडघ्यांमागे इतका विचार झाला आहे याचा त्यांना अभिमानच वाटला असावा.

त्यानंतर त्यांनी १९८५ साल गाठलं. त्या वर्षी अमेरिकन एअरलाइन्सने संगणकावर जागांचे कप्पे पाडून एकाच विमानात अगदी स्वस्त आणि अगदी महाग तिकिटं शेजारी-शेजारी विकायचं तंत्र मोठ्या प्रमाणावर वापरलं, आणि मग सगळ्या जगानेच ते उचललं. तिकिटावर वाय, जे असली अक्षरं असतात ती या कप्प्यांची. बाहेरून एक खुर्ची, आत दहा-बारा भाव. आपल्या रेल्वेनेही सप्टेंबर २०१६ पासून राजधानी, शताब्दी आणि दुरांतोमध्ये दर १० टक्के जागा संपल्या की भाडं १० टक्क्यांनी चढवायला सुरुवात केली. फर्स्ट एसीला तो नियम लावला नाही, त्यामुळे सेकंड एसी चढत चढत फर्स्ट एसीच्या उंबऱ्यापर्यंत जाऊ लागली. बिडकरांच्या मते हा देशातला एकमेव प्रामाणिक गोंधळ, कारण त्याचं गणित छापून दिलेलं होतं.

हे सगळं वाचून माणूस शहाणा होईल असं कोणालाही वाटेल. पण बिडकरांचं दुखणं किमतीपेक्षा शेजाऱ्याचं आहे. विमानात बसले की पट्टा बांधण्याआधी ते बाजूच्याला विचारतात, “तुम्हाला कितीला पडलं?” उत्तर जास्त आलं तर गृहस्थ खुलतात, पाण्याची बाटलीसुद्धा हसून घेतात. कमी आलं तर मुंबईपर्यंत बोलत नाहीत. पुण्यात एका लग्नात त्यांना कोणी तरी भेटला आणि म्हणाला, “मला तर फुकटच पुढे बसवलं हो, मागे जागेपेक्षा तिकिटं जास्त विकली होती.” ताटात श्रीखंड होतं. ते तसंच राहिलं. वहिनी म्हणतात, लग्नाला चोवीस वर्षं झाली, श्रीखंड टाकलेलं पहिल्यांदा पाहिलं.

खरा कळस गेल्या खेपेला झाला. मुलगी न्यू जर्सीला असते. तिने आईचं तिकीट आपल्या पैशांनी काढलं, चांगल्या भाड्याचं. बिडकरांनी स्वतःचं तिकीट वेगळं काढलं, सगळ्यात खालच्या कप्प्यातलं, आणि वाचलेले पैसे बोलीसाठी ठेवले. आखातात विमान बदलून पुढचा चौदा तासांचा टप्पा होता; त्यावर त्यांनी स्वतःसाठी काटा पार हिरव्यात नेऊन ठेवला. वहिनींच्या तिकिटावर किमान बोली टाकली. तीही केवळ प्रयोग म्हणून, वहीत एक रकाना भरावा म्हणून.

लागली ती वहिनींची.

यात नवल काहीच नाही. बऱ्याच कंपन्या नुसती बोली बघत नाहीत. मूळ तिकीट कोणत्या भाड्याचं आहे, प्रवासी नेहमीचा आहे का, हेही जमेला धरतात. पण हे बिडकरांना नंतर समजलं. त्या क्षणी एवढंच दिसलं की वहिनी पर्स सावरत पडद्याच्या पलीकडे गेल्या आणि आपण दोन दणकट माणसांच्या मधल्या सीटवर आहोत. रात्री कधी तरी ते पडद्यापर्यंत गेले होते. पलीकडे जेवायला काय देतात एवढंच त्यांना बघायचं होतं. कर्मचाऱ्याने त्यांना अदबीने परत जागेवर आणून बसवलं.

उतरल्यावर त्यांनी वही काढली. “काय काय होतं तिथे? सविस्तर सांग.”

“झोपले होते मी,” वहिनी म्हणाल्या. “टेकले ती उतरायच्या वेळी उठले.” मग जरा थांबून त्या म्हणाल्या, “एवढं माझ्यासाठी कशाला केलंत? तुम्ही बसायचं होतं ना.”

बिडकरांनी वहीत बघितलं, वहिनींकडे बघितलं आणि वही मिटली. हल्ली एन्नोरमध्ये ही हकिकत ‘मी हिला फर्स्ट क्लासने नेलं’ अशी सांगितली जाते. वहिनी तेव्हा स्वयंपाकघरात काही तरी शोधत असतात.

एवढ्याने वही बंद होईल असं आम्हाला वाटलं होतं. पण सरकारने तिला पुन्हा जीव दिला. २२ सप्टेंबर २०२५ पासून बिझनेस वर्गावरचा जीएसटी १२ वरून १८ टक्के झाला; साध्या वर्गाचा ५ टक्केच राहिला. बिडकरांना जुने सगळे आकडे नव्याने मांडावे लागले. त्यांनी ते लाल शाईने मांडले. पुढे डिसेंबरमध्ये इंडिगोची उड्डाणं ढिगाने रद्द झाली, बाकीच्यांची भाडी भडकली, तेव्हा सरकारने अंतराप्रमाणे कमाल भाडं ठरवून दिलं. त्यातून बिझनेस वर्ग वगळला होता. बिडकर सकाळी सकाळी पेपर घेऊन आले. “बघा! मागच्यांना सरकार आहे. आम्हाला कोणी नाही.” गेली कित्येक वर्षं ते मागेच बसतात हे त्यांच्या लक्षात आणून द्यायचं मी टाळलं.

विमानतळ शहराच्या पार दुसऱ्या टोकाला, मीनांबाक्कमला. २०२१ मध्ये मेट्रो विमको नगरपर्यंत आली, त्यामुळे आता आमच्या बाजूने थेट जाता येतं. या मेट्रोत पूर्वी एक खास वर्गाचा डबा होता, भाडं दुप्पट. पुढे तो स्त्रियांसाठी दिला. वहिनी त्यात बसतात. बिडकर शेजारच्या डब्यात उभे राहून त्या जुन्या दराची आठवण काढतात. “दुप्पट म्हणजे दुप्पट,” ते अनोळखी तमिळ माणसालाही सांगतात. “विचारायचं कामच नाही.”

तेव्हा चेन्नईहून निघालेल्या विमानात तुमच्या शेजारी लाल वहीवाले गृहस्थ आले आणि त्यांनी पट्टा बांधण्याआधी ‘कितीला पडलं?’ विचारलं, तर माझी एक विनंती आहे. खरा आकडा सांगू नका. दोन हजार वाढवून सांगा. तुमचं काही जाणार नाही, आणि घरी पोचल्यावर वहिनींना शांतपणे जेवायला मिळेल.