अकरा चपला

आमच्या सोसायटीतले अण्णा बँकेतून निवृत्त झाले आणि तिसऱ्याच दिवशी त्यांनी वही काढली. दिवेआगरला दोन खोल्यांचं घर घ्यायचं, पर्यटकांना रोज 6,000 रुपयांनी द्यायचं. 365 दिवसांचे झाले 21,90,000. आयुष्यभर दुसऱ्यांच्या कर्जप्रकरणांवर लाल पेनानं ‘अवास्तव’ असा शेरा मारलेल्या माणसाला स्वतःच्या वहीपाशी ते पेन काही सापडलं नाही.

2019च्या दिवाळीत घर घेतलं. मार्चात टाळेबंदी आली आणि 3 जूनला निसर्ग वादळ. पोफळी आडव्या झाल्या, अण्णांचे पत्रे शेजारच्या वाडीत जाऊन पडले. मागायला गेले तर शेजारी म्हणाला, “न्या की. आमचे तुमच्या विहिरीत आहेत, तेवढे काढून द्या.”

त्यानंतर अण्णांचं खरं शिक्षण सुरू झालं. वर्षातून पावसाळा वजा, परीक्षा वजा, सोमवार ते शुक्रवार वजा. खाऱ्या वाऱ्यात बिजागरीपासून फ्रिजच्या पाठीपर्यंत सगळं गंजतं. पांढऱ्या चादरीवर सोलकढी सांडते, गडद चादर घातली तर पाहुणे ती हुंगून बघतात. समुद्रावरची वाळू पायांबरोबर न्हाणीत येते आणि मोरी तुंबते, म्हणून अंगणात पाय धुवायला नळ बसवला. आता त्या नळावर लोक गाड्या धुतात.

एजंट वीस टक्के मागत होता. ते वाचवायला अण्णा स्वतःच मॅनेजर झाले, तेही कोथरूडमधून. किल्ली चाफ्याच्या कुंडीखाली असते, हे आता निम्म्या पुण्याला ठाऊक आहे. परवा भाचीच्या लग्नात मंगलाष्टकं चालू होती. सगळ्यांच्या हातात अक्षता, अण्णांच्या हातात मोबाइल. त्यावर दिवेआगरच्या ओटीचा कॅमेरा. ‘सावधान’ ऐकू आलं आणि अण्णा ओरडले, “बुकिंग सहाचं, चपला अकरा!” नवरामुलगा दचकला. अकरावी चप्पल एकटीच होती, तिची जोडीदारीण कुत्र्यानं नेली असावी, असा निष्कर्ष पंगतीत निघाला. म्हणजे जोड्या सहा. माणसंही सहाच! अण्णांच्या जिवाला तेव्हा कुठे चैन पडली, आणि लगेच गेली: चप्पल गेलेला सहावा अनवाणी फिरून तसाच गादीवर तर नाही ना चढला?

काकूंचं एकच मागणं होतं, समुद्र बघायचा. तीन वर्षं शनिवार रिकामा मिळेना. शेवटी गेल्या जानेवारीत अण्णांनी एक शनिवार स्वतःच्या नावावर अडवला, ताम्हिणी उतरेपर्यंत मोडलाही. चार हजार जादा देणारं गिऱ्हाईक आलं होतं. दोघं राखणदाराच्या पडवीत झोपली. लाटांचा आवाज मात्र छान येत होता, असं काकू म्हणाल्या.

रात्री अकराला पाहुण्यानं हाक मारली, “ओ काका, मच्छरची कॉइल आहे का?” अण्णा लुंगी सावरत कॉइल आणि न मागितलेले दोन टॉवेल घेऊन धावले. पाहुण्यानं खूश होऊन पन्नासची नोट पुढे केली. मालक असल्याचं सांगायला अण्णांनी तोंड उघडलं, मग मिटलं.

सकाळी वहीत नोंद होती : इतर उत्पन्न, रु. 50.