रकाना सातवा

फायनलचा पेपर चुकलेल्या विद्यार्थ्यांसाठी आता छापील अर्ज निघाला आहे. पूर्वी पोरं कोऱ्या कागदावर 'मा. प्राचार्य यांचे सेवेशी' म्हणून आपलं दुःख चार-चार पानं लिहीत. आता दुःखाला रकाने आहेत. पहिल्यात नाव, दुसऱ्यात हॉल तिकिटाचा नंबर, असं करत सहाव्यात 'कारण'. त्याला जागा अर्धी ओळ. आणि मग सातवा रकाना: 'सदर कारण राज्याच्या हद्दीत घडले आहे काय? नसल्यास सक्षम अधिकाऱ्याचा दाखला जोडावा.'

हा रकाना ज्या कुणी काढला, त्याचा भालकीच्या बसस्टँडवर शाल-श्रीफळ देऊन सत्कार व्हावा. म्हैसुरात बसून त्याची खुमारी कळायची नाही. तिकडची माणसं जिथं आजारी पडतात तिथंच औषध घेतात, आणि वेळ आलीच तर तिथंच मरतात. आपल्याकडे औराद, भालकी, बसवकल्याण, आळंद या कर्नाटकाच्या सीमेवरच्या पट्ट्यात एकही कारण धडपणे एका राज्यात घडत नाही. आजी उदगीरला, मामा देगलूरला, हाडांचा डॉक्टर लातूरला, हृदयाचा सोलापूरला आणि कॉलेज तेवढं इकडं.

पुराचंच घ्या. मांजरा बीड जिल्ह्यात उगम पावते, लातूर करत भालकी तालुक्यात शिरते. भीमा भीमाशंकरहून निघते, उजनीत जरा विसावते आणि तिथले दरवाजे उघडले की इकडे अफझलपूर तालुक्यात माणसं गाठोडी बांधायला लागतात. 2020 च्या ऑक्टोबरात हेच झालं, 2025 च्या सप्टेंबरअखेर पुन्हा हेच. समजा, अशा वेळी एखादा पोरगा शेळ्या घेऊन शाळेच्या गच्चीवर बसला आणि त्याचा पेपर बुडाला. सातव्या रकान्यात त्यानं काय लिहायचं? घर बुडालं ते हद्दीत. पण साहेब म्हणणार, घर बुडणं हा परिणाम झाला बाबा, कारण म्हणजे पाणी. आणि पाणी परराज्याचं आहे. पाण्याचा रहिवासी दाखला आण. पोरगा नाडकचेरीत, म्हणजे इकडच्या महसूल कचेरीत, जाणार. तिथं सांगणार, महजर, म्हणजे पंचनामा, करून देतो, पण रस्ता मोकळा झाल्यावर ये. रस्ता मोकळा झाल्यावर गेला की विचारणार, पाणी कुठं आहे, दाखव.

बसचं तर विचारूच नका. उमरग्याहून बसवकल्याणकडे येणारी बस नेमकी हद्दीवर बसते. पुढची चाकं कर्नाटकात, मागची महाराष्ट्रात. पंक्चर कुठल्या चाकाला झालं यावर पोराचं वर्ष ठरणार. मागचं असेल तर कंडक्टरचं लेखी हवं, त्यावर डेपो मॅनेजरची सही हवी, आणि डेपो दुसऱ्या राज्याचा असल्यामुळे त्या सहीची ओळख पटवणारी तिसरी सही हवी. तापाचं त्याहून अवघड. जंतू उदगीरच्या लग्नात शिरला, हुडहुडी भालकीत भरली. मग ताप घडला कुठं? पंगतीत की पांघरुणात? एका हुशार पोरानं 'होय' आणि 'नाही' दोन्हींवर खूण केली, तर अर्ज 'संदिग्ध' म्हणून परत. दुसऱ्यानं रकाना कोराच ठेवला, तर 'अपूर्ण' म्हणून परत. तिसऱ्यानं 'कारण कर्नाटकात घडले' असं ठणकावून लिहिलं, सोबत सोलापूरच्या दवाखान्याचं बिल जोडलं. त्याला दिशाभूल केल्याची नोटीस आली.

आणि आता आजी. 1956 च्या 1 नोव्हेंबरपर्यंत उदगीर हा बिदर जिल्ह्यातला तालुका होता. त्या दिवशी नकाशा फिरला, आजी जागची हलली नाही. तिनं उंबरा बदलला नाही, जातं बदललं नाही, भांडायची शेजारीणसुद्धा बदलली नाही. जन्म बिदर जिल्ह्यात, मरण परराज्यात आणि घर एकच. ती गेली त्या दिवशी सकाळी नातवाचा शेवटचा पेपर. खांदा द्यायला तोच एक मोठा नातू. तेराव्यानंतर तो नगरपालिकेचा मृत्यूचा दाखला घेऊन खिडकीशी उभा राहिला. खिडकीतल्या साहेबांनी तो दाखला वरपासून खालपर्यंत वाचला. साहेबांच्या घरी मराठीच बोलतात, सासुरवाडीही निलंग्याची. डोळ्यांत खरोखर पाणी आलं त्यांच्या. म्हणाले, "अरेरे, ऐन पेपरच्या दिवशीच गेली का रे म्हातारी?" मग चष्मा काढला, पुसला आणि म्हणाले, "पण हे मराठीत आहे. आपल्याला वाचता येत नाही. कन्नडमध्ये करून आण, नोटरी लावून."

पलीकडच्यांनी यावर हसू नये. कलबुर्गीच्या दवाखान्याचा कन्नड कागद घेऊन हद्दीपलीकडच्या एखाद्या खिडकीशी उभे राहा, तिथले साहेबही असाच चष्मा पुसतील. या बाबतीत दोन्ही राज्यांत कसलाही वाद नाही. सीमाप्रश्न सुटला आहे तो एवढ्यापुरता.

यावर परीक्षा विभागाचं उत्तर ठरलेलं असतं: पोरं खोटं बोलतात. बोलतात की! एकाच पदवीत तीन आज्या घालवलेले महाभाग मीही पाहिले आहेत. पण साहेब, एक गोष्ट कधी ध्यानात आली का? खोटं बोलणाऱ्याचे कागद नेहमी पूर्ण असतात. स्टँडासमोरच्या डॉक्टरकडून पेपरच्या आदल्या दिवशीच दाखला काढून, झेरॉक्स मारून, सही-शिक्क्यासकट तो फाईल लावून तयार असतो. त्याला वेळ असतो. त्याच्याकडे दुसरं काहीच घडलेलं नसतं. ज्याचा बाप रात्री दोन वाजता छातीत कळ येऊन आळंदहून सोलापूरला न्यावा लागला, तो आधी जीप शोधतो, मग रक्त शोधतो, मग उसने पैसे शोधतो. सक्षम अधिकारी शोधायचं त्याच्या डोक्यातच येत नाही. म्हणजे तुमच्या चाळणीतून खोटा सुखरूप पार होतो आणि वरती अडकतो तो खरा. आणि अडकतो म्हणजे काय, तर गुणपत्रिकेवर 'गैरहजर', पुढच्या वर्षी रिपीटर म्हणून फॉर्म, पुन्हा फी, पुन्हा खोलीभाडं, आणि दारात आलेली नोकरी दुसऱ्याला. तूर पिकवणाऱ्या घरातल्या पोराला वर्ष म्हणजे काय असतं हे कुणीतरी या लोकांना सांगायला हवं. बापानं एका हंगामाची तूर विकून भरलेलं वर्ष असतं ते!

आता उलट बाजू बघा. पेपर पुढे ढकलायचा असला की संस्थेला काय लागतं? एक ओळ. 'अपरिहार्य कारणास्तव दि. अमुकची परीक्षा पुढे ढकलण्यात येत आहे.' कारण काय? अपरिहार्य. घडलं कुठं? विचारायचं नाही. दाखला? कुणाचा? हजार पोरं हॉल तिकीट घेऊन गेटवरून परत जातात, कुणी औरादहून पहाटेच्या बसनं आलेलं असतं, आणि ती सगळी त्या एका ओळीवर विश्वास ठेवतात. एप्रिल-मेमध्ये आपल्याकडच्या सरकारी कचेऱ्या सकाळी 8 ला उघडतात आणि दुपारी दीडला बंद होतात, कारण ऊन. योग्यच आहे, कलबुर्गीचं ऊन खोटं नाही. पण त्या उन्हासाठी कुठल्या कारकुनानं कधी डॉक्टरचा दाखला जोडला? तो घाम सरकारला वरूनच दिसतो. विद्यार्थ्याचा मात्र आधी साक्षांकित करून आणावा लागतो.

आणि पोराच्या शब्दावर विश्वास ठेवा, हे काही जगावेगळं मागणं नाही. 2020 च्या जुलैत, कोरोनाच्या धुमाळीत, शेवटच्या वर्षाच्या परीक्षांसाठी देशभर सूचना निघाल्या. त्यांत स्वच्छ म्हटलं होतं की, कुठल्याही कारणानं परीक्षेला बसू न शकलेल्याला विशेष परीक्षेची संधी द्यावी. कुठल्याही कारणानं! सवलत त्या एका वर्षापुरतीच होती, पण तेवढ्यानं काही आभाळ कोसळलं नाही. इंग्लंडात नोकरदार आजारी पडला तर पहिले सात दिवस डॉक्टरचा कागद लागत नाही, स्वतःचं लिहून दिलेलं पुरतं; तिथल्या कित्येक विद्यापीठांनी थोडक्या आजारपणासाठी विद्यार्थ्यालाही तशीच मुभा दिली आहे. तिकडेही खोटी पोरं असणारच. त्यांच्यासाठी खऱ्यांना फाशी द्यायची नाही, एवढं त्यांनी ठरवलं.

तेव्हा मागणी साधी आहे. निकालाच्या आत एक पुरवणी पेपर घ्या. एक वर्ग उघडा, एक पर्यवेक्षक बसवा, प्रश्न बदला. अभ्यास न केलेला खोटारडा त्या पेपरातही नापासच होईल, त्यासाठी सातवा रकाना लागत नाही. ते काम प्रश्नपत्रिका फुकटात करते. पुरानं, तापानं, तिरडीनं अडवलेला पोरगा मात्र वर्ष वाचवून घरी जाईल. आणि एवढंही जमणार नसेल तर तसं नोटीस बोर्डावर लावा. खाली 'अपरिहार्य कारणास्तव' लिहिलंत तरी चालेल. आम्ही दाखला मागणार नाही.