भाकरीची बयाणा रक्कम

ज्या सरकारने २०२३ हे आंतरराष्ट्रीय भरडधान्य वर्ष मोठ्या थाटामाटाने साजरे केले, त्याच वर्षीच्या अर्थसंकल्पात ज्वारी, बाजरी, नाचणी या आजवर गरिबाच्या चुलीपुरत्या गणल्या गेलेल्या धान्यांना 'श्री अन्न' ही पदवी बहाल केली, आणि कचेऱ्याकचेऱ्यांच्या आवारात मांडव घालून नाचणीच्या केकपासून बाजरीच्या पिझ्झापर्यंत नाना चमत्कार सन्माननीय पाहुण्यांच्या मुखी लावले, त्या सरकारच्या स्थानिक धान्यावरील निष्ठेविषयी शंका घेणे केवळ कृतघ्नपणाचे ठरेल. आम्ही ती घेत नाही. आमचे म्हणणे इतकेच की धान्याचा गौरव करणे हे एका खात्याचे काम असून धान्य विकत घेणे हे दुसऱ्या खात्याचे काम आहे. आणि गौरव करणाऱ्या खात्याने आपल्या भाषणाची एक प्रत 'माहितीसाठी व उचित कार्यवाहीसाठी' खरेदी करणाऱ्या खात्याकडे रवाना केली असेल, तर ती बारनिशीत रुजू होऊन, तिच्यावर आवक क्रमांक पडून, यथावकाश दप्तरी दाखल झाली असेल, याविषयी आम्हांला तिळमात्र संदेह नाही.

उदाहरणादाखल सोलापूर जिल्ह्यातील मंगळवेढे घ्यावे. तेथील काळ्या, खोल जमिनीत पावसाची ओल महिनोन्महिने धरून ठेवण्याचा जो गुण आहे, त्याच्या बळावर रब्बीची ज्वारी पाटाचे अथवा विहिरीचे पाणी न मागता थंडीच्या दिवसांत उभी राहते. दाणा माणसाला आणि कडबा जनावराला, ही तिची वाटणी पिढ्यान्‌पिढ्या ठरलेली. याच जिल्ह्यातील मोहोळच्या संशोधन केंद्राने गेल्या शतकाच्या पूर्वार्धात स्थानिक मालदांडीतून निवडलेला वाण आजही शेतकरी सोडीत नाही. २०१६ साली मंगळवेढ्याच्या ज्वारीला भौगोलिक मानांकनाची सनद मिळाली. केंद्र सरकार दरसाल मालदांडीचा हमीभाव संकरित ज्वारीहून निराळा जाहीर करते (२०२४-२५ साली तो क्विंटलमागे ३,४२१ रुपये होता), आणि हे पीक रब्बीचे असल्यामुळे त्याचा भाव खरिपाच्या यादीत छापण्याची दक्षताही न चुकता घेते. तात्पर्य, या ज्वारीचे नाव, गाव, कूळ आणि किंमत सरकारला पूर्ण अवगत आहे. एवढी ओळख असूनही ज्या मंगळवेढ्याच्या शाळेच्या कुंपणाला लागून ही ज्वारी डोलत असते, त्या शाळेतील मुलाच्या ताटात दुपारी काय पडते, तर तांदूळ. आणि तोही भलत्याच प्रांतात, भलत्याच भूमीचे पाणी उपसून पिकलेला, रेल्वेने व मालमोटारींनी मजल दरमजल करीत, अन्न महामंडळाच्या गोदामांत विसावा घेत आलेला.

यात महामंडळाचा दोष नाही. त्याच्यापाशी तांदूळ आहे. आणि ज्याच्यापाशी जे आहे ते त्याने द्यावे, हा दानधर्माचा जुना नियम आहे. शालेय आहार योजनेच्या मापदंडांनुसार पहिली ते पाचवीच्या मुलास दिवसाला १०० ग्रॅम धान्य, ४५० उष्मांक आणि १२ ग्रॅम प्रथिने मिळावयाची आहेत, आणि धान्याची बाब केंद्राकडून तांदळाच्या रूपाने विनामूल्य सुटत असता ज्वारीचा हट्ट धरणारा मुख्याध्यापक हा दत्तक मिळालेल्या पोराच्या नाकीडोळी खोड काढणाऱ्या बापासारखाच म्हणावा लागेल. पुनरुक्तीचा कंटाळा येऊ नये म्हणून २०२४ च्या जून महिन्यात राज्य सरकारने पंधरा पाककृतींची यादी जाहीर केली. तीत मसालेभात होता, मटार पुलाव होता, चणा पुलाव होता, सोयाबीन पुलाव होता, मुगाची खिचडी होती, चवळीची खिचडी होती, आणि गोडाची हौस पुरी करण्यास तांदळाची खीर होती. एवंच, वैविध्य भरपूर होते; केवळ ते सगळे भातात होते. या यादीच्या एका कोपऱ्यात नाचणीचे सत्त्व संकोचून उभे होते. पुढे २०२५ च्या जानेवारीत पाककृतींची संख्या कमी झाली, तेव्हा अंड्याप्रमाणे हे सत्त्वही ऐच्छिक ठरले, आणि त्यासाठी सरकारी निधी मिळणार नसून अंडी व साखर यांचा खर्च लोकसहभागातून भागवावा, असा हुकूम सुटला. वर्ष साजरे करून पुरती दोन वर्षे लोटायच्या आत यादीतले एकुलते एक भरडधान्य लोकवर्गणीच्या दारी जाऊन उभे राहिले.

अशाच एका शाळेच्या स्वयंपाकखोलीत आम्ही मध्यंतरी डोकावलो होतो. महिना अडीच हजार रुपये मानधनावर काम करणाऱ्या बाईंनी मुलांच्या पंगतीला पुलाव वाढून झाल्यावर, पातेले खरवडून पालथे घातले, आणि दाराआड बसून आपले फडके सोडले. त्यात ज्वारीच्या दोन भाकरी, शेंगदाण्याची चटणी आणि एक कांदा होता. तिसरीतला एक मुलगा आपले ताट घेऊन तेथे आला आणि आपला उरलेला पुलाव घेऊन चतकोर भाकरी देण्याविषयी त्याने बाईंशी गंभीरपणे वाटाघाट आरंभिली. "मावशे, आज चटणी झणझणीत हाय का?" ही त्याची गुणवत्ता-तपासणी होती. बाईंनी पुलाव न घेताच भाकरी दिली. पलीकडच्या खोलीत त्याच वेळी गुरुजी चव नोंदवहीत 'आहार रुचकर व पुरेसा' असा शेरा मारून खाली स्वाक्षरी करीत होते, आणि ते असत्य लिहीत होते असे आम्ही म्हणणार नाही. नोंदवहीत भाकरीचा रकानाच नसल्यामुळे तुलनेचा प्रश्न उद्भवत नव्हता.

आता कोणी म्हणेल की गावच्या शेतकऱ्याकडून अथवा बायकांच्या बचत गटाकडून ज्वारी घ्यावी, एवढ्या साध्या गोष्टीला आडकाठी ती कसली? हा प्रश्न ज्याला पडतो त्याने निविदा पाहिलेली नसते. मोठ्या पुरवठ्याच्या निविदेत पुरवठादाराची तीन वर्षांची उलाढाल विचारलेली असते, तशाच पुरवठ्याचा पूर्वानुभव विचारलेला असतो, गोदाम, वाहने, परवाना, कराची विवरणपत्रे आणि बयाणा रक्कम यांचा तपशील मागितलेला असतो; आणि पाच एकरांचा धनी असलेला शेतकरी, ज्याची सगळी उलाढाल कणगीतून जात्याकडे आणि जात्याकडून तव्याकडे होत आलेली आहे, तो या तक्त्यासमोर बसला म्हणजे त्याला प्रथमच उमगते की आपण आजवर अनुभवशून्य होतो. ज्वारी पिकवण्याचा अनुभव हा ज्वारी पुरवण्याचा अनुभव मानता येत नाही. उलट, ज्याने आयुष्यात ज्वारीचे कणीस पाहिले नाही परंतु ज्याच्यापाशी लेखापरीक्षकाचा दाखला आहे, असा शहरातील व्यापारी मात्र सर्वांगांनी पात्र ठरतो, मोंढ्यातून तीच ज्वारी उचलतो, तिला वजनाने हलक्या आणि दराने जड अशा पोत्यांत भरतो, आणि तिला पुन्हा तिच्याच गावी आणून सोडतो. तिला मधल्या वेळात जग पाहायला मिळते, हा फायदा कोणी हिशेबात धरीत नाही.

स्थानिक खरेदीला मुळीच वाव नाही असे मात्र समजू नये. इंधन आणि भाजीपाला या दोन बाबी शाळेनेच पाहावयाच्या असतात. त्यांचे अनुदान येईपर्यंत मुख्याध्यापकाने वाण्याची आणि भाजीवाल्याची उधारी आपल्या तोंडाच्या जोरावर चालू ठेवावी, अशी परंपरा आहे. एखादी चीज विकत घ्यावयाची झाल्यास तीन दरपत्रके लागतात. गावात दुकान एकच असते. परंतु तो दुकानदार अनुभवी असल्यामुळे उरलेली दोन दरपत्रके, थोड्या वेगळ्या शाईत आणि किंचित चढ्या दरांची, तोच आणून देतो, आणि स्पर्धेचे तत्त्व अबाधित राहते. शिवाय शाळेची परसबाग असते. परसबागांच्या स्पर्धा होतात, तालुक्याचे परीक्षक येतात, मेथीच्या वाफ्यापाशी छायाचित्रे निघतात. अडचण एकच की ही मेथी फुकटची असल्यामुळे तिचे देयक नसते. देयक नसल्यामुळे ती शिजली असे कागदावर सिद्ध होत नाही. आणि कागदावर न शिजलेली मेथी खाल्ल्याचे मुलांच्या तोंडून कबूल करवून घेणे हे पंचनाम्याचे काम आहे, शिक्षणाचे नाही.

न्यायालयांनी या बाबतीत वेळोवेळी अकारण घाई केली, असे खेदाने नमूद करावे लागते. अंगणवाडीच्या आहारासाठी कंत्राटदार नेमू नयेत, गावचे समूह, बचत गट आणि महिला मंडळे यांच्याकडून ते काम शक्यतो करून घ्यावे, असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने २००४ साली दिला होता. तो आपल्याकडे इतका काळजीपूर्वक जतन करण्यात आला की २०१९ च्या फेब्रुवारीत त्याच न्यायालयाला महाराष्ट्राची घरपोच आहाराची निविदा, तिच्या अटी मोठ्या पुरवठादारांना सोयीच्या आणि लहान गटांना वगळणाऱ्या आहेत म्हणून, रद्द करावी लागली. परदेशांत तर याहून अनागोंदी. ब्राझील नामक देशाने २००९ साली कायदाच केला की शालेय आहारासाठी केंद्राकडून मिळणाऱ्या रकमेचा किमान ३० टक्के हिस्सा लहान शेतकरी कुटुंबांकडील माल घेण्यात खर्च व्हावा, आणि हा माल, वाचकांनी मन घट्ट करावे, नेहमीची लिलाव-निविदा न काढता जाहीर आवाहन करून घेता यावा. आपल्याच देशात ओडिशा सरकारने डोंगरी भागातील शेतकऱ्यांकडून नाचणी हमीभावाने घेऊन ती शिधावाटपात आणली आणि केंदुझर जिल्ह्यातील अंगणवाड्यांत नाचणीचे लाडू वाटले. जेथे पिकले तेथेच खाल्ले! मधल्या माणसांनी पोट कसे भरावयाचे, याचा विचार करणारा एकही मुत्सद्दी त्या प्रांतात उरला नसावा.

एका आक्षेपात मात्र तथ्य आहे, आणि तो कचेरीतील माणसापेक्षा चुलीपाशी बसणाऱ्या बाईच्या तोंडून अधिक शोभतो. शंभर मुलांमागे दोन स्वयंपाकी मिळतात. दोघींनी शंभर भाकरी थापावयाच्या, भाजावयाच्या आणि त्या मुलांच्या हाती पडेपर्यंत मऊ राखावयाच्या, हे अडीच हजारांत होणारे काम नव्हे. भात एका पातेल्यात शिजतो आणि भाकरीला दर वेळी नव्याने हात लागतो. परंतु ज्वारीला भाकरीवाचून गती नाही ही समजूत ज्यांनी ज्वारी केवळ प्रदर्शनात पाहिली त्यांची. ज्वारीच्या कण्या भातासारख्याच एका भांड्यात शिजतात आणि ताकाबरोबर किंवा आमटीबरोबर पोटभर होतात. ज्वारीच्या घुगऱ्या होतात, आंबील होते. सोलापुराकडच्या आणि मराठवाड्यातल्या कोणत्याही म्हातारीने ही यादी बसल्या बैठकीला सांगितली असती, पण पाककृती ठरवण्याच्या कामी म्हातारीचा पूर्वानुभव ग्राह्य धरण्याची तजवीज नाही.

मंगळवेढ्याचा विषय निघाला आणि दामाजीपंतांचे नाव आले नाही, असे होणे नाही. पंधराव्या शतकात बिदरच्या बादशहाच्या वतीने तेथे अंमल पाहणाऱ्या या गृहस्थाने दुष्काळात सरकारी कोठारे उघडून उपाशी रयतेला धान्य वाटले, बादशहाची खप्पामर्जी ओढवून घेतली, आणि साक्षात पांडुरंगाने विठू महाराचे रूप घेऊन धान्याची रक्कम बिदरच्या दरबारी भरली व रीतसर पावती घेतली, अशी आख्यायिका आहे. कीर्तनकार हा प्रसंग रंगवून सांगतात आणि श्रोते डोळे पुसतात. आम्हांला मात्र तो ऐकताना लेखापरीक्षणाची धास्ती वाटते. वाटप करण्यापूर्वी वरिष्ठांची मंजुरी घेतली होती काय? लाभार्थ्यांची यादी चावडीवर लावून हरकती मागवल्या होत्या काय? वजनाचा पंचनामा कोठे आहे? जो इसम रक्कम घेऊन आला त्याचा पत्ता 'पंढरपूर, विटेवर' इतकाच दिसतो, तेव्हा त्याच्या ओळखीचा पुरावा, बँक खात्याचा तपशील आणि रोख रकमेचा उगम यांची खातरजमा केल्याशिवाय पावती कोणत्या अधिकारात दिली? बादशहा जुन्या वळणाचा होता. त्याने पैसे मिळाल्यावर प्रकरण मिटवले. आजचा दामाजीपंत पेन्शन रोखली जाऊन विभागीय चौकशीच्या फेऱ्यात राहिला असता आणि विठूला काळ्या यादीत टाकले असते.

इतके असूनही सरकारी अधिकाऱ्यांना स्थानिक अन्नाचे वावडे आहे, असा आरोप आम्ही कोणाला करू देणार नाही. पौष-माघात ज्वारी हुरड्यावर आली म्हणजे जिल्ह्याच्या ठिकाणाहून तपासणीचे दौरे नेमके याच पट्ट्यात निघतात. शाळेचे दप्तर पाहून होते, साठ्याच्या नोंदवहीतील तांदूळ आणि पोत्यांतील तांदूळ यांचा मेळ बसवला जातो, आणि मग मंडळी शेजारच्या वस्तीवर जाऊन आगटीभोवती घोंगडीवर बसतात. कणसे भाजली जातात, तळहातावर चोळली जातात. शेंगदाण्याची चटणी, गूळ आणि दही आलटून पालटून येते. दाणा कालच्या रानातला, विस्तव त्याच रानातील गोवऱ्यांचा, आणि वाहतूक म्हणाल तर बांधापासून आगटीपर्यंतची. बयाणा रक्कम नाही, तीन दरपत्रके नाहीत, उलाढालीचा दाखला कोणी विचारीत नाही. गेल्या हंगामात अशा एका बैठकीत आम्ही कोपऱ्यात बसलो होतो. शालेय आहारात ज्वारी आणण्याविषयीचा प्रस्ताव 'तूर्त व्यवहार्य नाही' या शेऱ्यानिशी परत पाठवावयाचा ठरला तो तेथेच, आणि साहेबांच्या बोटांना कोवळ्या दाण्याचा चीक लागला असल्यामुळे शेरा कारकुनाने लिहिला.