परवडणारी दुर्बीण, अर्थात नेम चुकण्याची शास्त्रशुद्ध तयारी

छर्‍याची बंदूक चालवणाऱ्याला आयुष्यभर एकच प्रश्न पुरतो: नेम धरला तिथे छर्रा का जात नाही? उत्तरे दोन आहेत. एक, हात हलतो. दोन, बंदुकीला स्कोप नाही. पहिले उत्तर फुकट असल्यामुळे ते कोणी घेत नाही. प्रस्तुत मार्गदर्शन दुसऱ्या उत्तराच्या खरेदीविषयी आहे, आणि तेही खिशाला झेपेल अशा खरेदीविषयी.

आधी पात्रता. ०.१७७ इंची, म्हणजे ४.५ मिलिमीटर बोअरची आणि २० ज्यूलपर्यंतच्या ताकदीची एअर रायफल शस्त्र नियम, २०१६ प्रमाणे परवान्याशिवाय बाळगता येते. घरातली परवानगी वेगळी. तिला ज्यूलची मर्यादा नाही. हे २० ज्यूल मनात घट्ट धरूनच दुकानात शिरावे, कारण स्कोपच्या खोक्यावर बर्फाळ डोंगरात पालथा पडलेला सैनिक छापलेला असतो, आणि आपण रविवारी गावच्या घरी, परसातल्या भिंतीपुढे तेलाचा रिकामा डबा मांडून उकिडवे बसणार असतो. डबा, कागद, फार तर फुगा, एवढीच आपली शिकार. पाखरांकडे बघूही नये. त्यांच्या बाजूने वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ पासून उभा आहे आणि त्याला नेम धरायला दुर्बीण लागत नाही.

(जाता जाता: आपल्याकडे एअर रायफली करणाऱ्या जुन्या नावांत इंडियन ह्यूम पाइप ही कंपनी आहे. वालचंद हिराचंदांनी १९२६ साली काढलेली, तीच ती सिमेंटच्या पाइपांची. पाणी नेणारी नळी आणि छर्रा नेणारी नळी एकाच घरातल्या. पाणी मात्र सहसा सांगितलेल्या ठिकाणी पोहोचते.)

आता ‘परवडणारी’ म्हणजे किती? घरात सांगितलेली किंमत आणि खरी किंमत यांतला फरक झोप न मोडता जेवढा पेलता येतो, तेवढ्याचा स्कोप परवडतो. याहून नेमके गणित कोणाला जमलेले नाही. एवढे मात्र खरे की बंदुकीसोबत फुकट मिळणारा बारीक नळीचा ४×२० स्कोप हिशेबात धरू नये. तो भाच्याला द्यावा. भाचा त्यातून चंद्र बघेल, तुम्ही त्यातून काहीच बघणार नाही.

दुकानात स्कोपची ओळख आकड्यांनी करून देतात: ४×३२, ३-९×४०, ६-२४×५०. पहिला आकडा वस्तू किती पट मोठी दिसेल त्याचा, शेवटचा पुढच्या भिंगाच्या व्यासाचा, मिलिमीटरमध्ये. इथे आपला स्वभाव आडवा येतो. तेवढ्याच पैशात २४ मिळत असताना ४ घेऊन घरी जाणारा माणूस आपल्याकडे वेडा ठरतो. शिवाय दुकानदार म्हणतोच, “साहेब, लांबचं एकदम जवळ येतं.” यावर विचारायचा प्रश्न असा: “अहो, पण जवळचं?” तो सहसा कोणी विचारत नाही. त्याकडे आपण येऊच.

२४ पटीने बंदूक स्थिर होत नाही. थरथर २४ पट होते. आजवर जो श्वास आपण नकळत घेत होतो तो आता डब्यावर वरखाली फिरताना दिसतो. छातीचा ठोका दिसतो. सकाळी दोन कप चहा झाला असेल तर तोही दिसतो. नळीवरच्या साध्या माशीने नेम धरणारा माणूस आपण दगडासारखे निश्चल आहोत अशा समजुतीत सुखाने जगत असतो. तो गैरसमज दूर करून घेण्यासाठी पैसे मोजायची तयारी असेल तरच मोठ्या आकड्याकडे जावे. आणि उजेडाचे गणित वेगळेच. पुढच्या भिंगाचा व्यास भागिले पट, एवढ्या रुंदीचा उजेडाचा झोत डोळ्यात येतो. २४ पटीवर ५० मिलिमीटरच्या भिंगातून जेमतेम दोन मिलिमीटर. संध्याकाळी बाहुली मोठी होऊन उजेड मागते, तेव्हा स्वस्तातला स्कोप तिच्यापुढे ही चिंचोळी फट धरतो आणि आत राखाडी धुके दिसते. शिवाय दहा यार्डांवर या पटीत पाऊण वीतभरच जागा दिसते. डबा नेमका कुठे आहे ते बघायला दुसरा डोळा उघडावा लागतो.

उलट बिचाऱ्या ४×३२ मधून आठ मिलिमीटरचा झोत येतो. गडद अंधारातही माणसाची बाहुली सातच्या आसपास थांबते, म्हणजे उजेड उरतो. चित्र मोठे, स्वच्छ, थरथर सोसवेल एवढी. त्याचा एकमेव दोष म्हणजे ‘चार’ हा आकडा चारचौघांत सांगता येत नाही. ज्यांना लोकलज्जा आहे त्यांनी ३-९×४० घ्यावा, तो कायम चारवर ठेवावा आणि विचारले तर नऊ सांगावे.

आकड्यांचा मोह अजूनही सुटत नसेल तर पुढील माहिती उपयोगी पडेल. ऑलिंपिकच्या १० मीटर एअर रायफल प्रकारात टेलिस्कोपला बंदी आहे. नेमबाज बारीक छिद्रातून बघतात. मोठे करून काहीच दिसत नाही. लक्ष्यावरचा दहाचा ठिपका असतो अर्ध्या मिलिमीटरचा. त्या छिद्रातून बघून अंजली भागवत २००० साली सिडनीत अंतिम फेरीत गेली, सुमा शिरूरने २००४ साली क्वालालंपूरला पात्रता फेरीत ४०० पैकी ४०० गुण घेतले, आणि २००८ साली बीजिंगमध्ये अभिनव बिंद्राने शेवटचा छर्रा १०.८ वर घालून सुवर्णपदक घेतले. कोल्हापूरकरांना वाटेल आपले राहिले, म्हणून सांगतो: तेजस्विनी सावंत २०१० साली म्युनिकमध्ये जगज्जेती झाली आणि कांबळवाडीच्या स्वप्निल कुसाळेने २०२४ साली पॅरिसमध्ये ब्राँझ आणले, ते ५० मीटरवर, पण तिथेही स्कोप नव्हताच. तात्पर्य, आपण खरेदीला निघालो आहोत त्या वस्तूच्या बाबतीत ही सगळी मंडळी आपल्यामागे आहेत. हा आत्मविश्वास दुकानापर्यंत टिकवावा.

आता तो राहिलेला प्रश्न: जवळचे दिसते का? मोठ्या रायफलींसाठीचे पुष्कळ स्कोप १०० यार्डांवर जमवलेले असतात. आपला डबा दहावर. मग होते असे की डबा धूसर दिसतो, आणि डोके जरा डावीकडे-उजवीकडे झाले की बंदूक जागची न हलताही स्कोपमधली नेमाची फुलीच डब्यावरून सरकते. याला पॅरलॅक्स म्हणतात. नेम चुकण्याच्या सर्व कारणांत हे सर्वांत प्रतिष्ठित कारण आहे, कारण समोरच्याला ते समजत नाही. मात्र ज्याला डबा पाडायचा आहे त्याने पुढच्या भिंगाभोवती फिरणारे कडे असलेला, दहा यार्डांपर्यंत खाली येणारा स्कोपच मागावा. दुकानदार तुम्हाला रस्त्यापलीकडची पाटी वाचायला लावील. ती कुठल्याही स्कोपमधून वाचता येते. तुम्ही दुकानातल्याच मागच्या भिंतीवरचे कॅलेंडर वाचावे. तिथी दिसली तर पुढे बोलावे.

यापुढचा मुद्दा पोटात घ्यायला जड आहे. स्प्रिंगची बंदूक दिसायला गरीब, पण स्कोपचा जीव घेण्यात तिच्याइतकी तरबेज दुसरी नाही. चाप ओढला की आतला दट्ट्या पुढे सुटतो आणि बंदूक मागे येते. लगेच तोच दट्ट्या कोंडलेल्या हवेवर जाऊन अडतो आणि बंदूक पुढे हिसका देते. आधी मागे, मग पुढे, पापणी लवायच्या आत. मोठ्या शिकारी रायफलीचा धक्का दणदणीत असतो, पण एकाच दिशेचा, आणि तिच्या स्कोपमधली भिंगे त्या एका दिशेचा मार खाण्याच्या बेताने बसवलेली असतात. असा भारी स्कोप मेव्हण्याने परदेशातून प्रेमाने आणून दिला आणि आपण तो छर्‍याच्या बंदुकीवर चढवला, तर थोड्याच दिवसांत फुली तिरकी होते, पुढे आत काहीतरी खुळखुळू लागते. मेव्हण्याला काय सांगायचे हा या मार्गदर्शनाच्या कक्षेबाहेरचा विषय आहे. म्हणून स्कोप एअरगनसाठीच केलेला आहे असे खोक्यावर छापलेले बघावे, तोंडी आश्वासन घेऊ नये, आणि घेण्यापूर्वी कानाशी धरून हलवावा. दुकानातच खुळखुळला तर निदान जाण्यायेण्याचा वेळ वाचतो. ज्यांच्याकडे पीसीपी, म्हणजे आधीच दाबून भरलेल्या हवेची रायफल आहे, त्यांना हा त्रास नाही. ती धक्काच देत नाही म्हटले तरी चालेल. पण ज्यांना पीसीपी आणि वर तिचा पंप परवडतो त्यांनी हा लेख वाचण्याचे कारण नाही.

फुलीतला लाल-हिरवा दिवा घ्यावा का? घ्यावा. भर उन्हात तो दिसत नाही, पण रात्री सोफ्यावर बसून लावता-विझवता येतो.

स्कोप बसवण्याच्या कड्या वेगळ्या घ्याव्या लागतात, हे बिल झाल्यावर कळते. छर्‍याच्या बंदुकीवरची खाच बहुधा ११ मिलिमीटरची, आणि खोक्यातून निघणाऱ्या कड्या हटकून रुंद पट्टीच्या. नळी एक इंची की ३० मिलिमीटरची तेही बघावे. कडीला खाली घुसणारी अडसराची खीळ हवीच. ती नसेल तर तोच पुढचा हिसका स्कोपला दर बाराला केसभर मागे सरकवतो, आणि महिन्याभरात तो स्वतःहून तुमच्या डोळ्याशी येतो. नळी मोडून भरायच्या बंदुकीत आणखी एक खोड असते: बिजागरीपाशी नळी जराशी खाली झुकलेली असते. मग स्कोपचा वरचा स्क्रू शेवटपर्यंत फिरवूनही छर्रा खालीच. उपाय म्हणजे मागच्या कडीत पातळ पट्टी घालणे. घरातल्या ज्येष्ठांच्या गुडघ्याचा जुना एक्स-रे यासाठी उत्तम. डॉक्टर पुढच्या वेळी तोच मागणार नाहीत याची खात्री करूनच कात्री लावावी.

मग येते जुळवाजुळव. वरचा आणि बाजूचा स्क्रू क्लिक-क्लिक फिरतो. एका क्लिकने १०० यार्डांवर छर्रा पाव इंच हलतो, असे माहितीपत्रकात अभिमानाने लिहिलेले असते. दहा यार्डांवर याचा अर्थ पाव इंचाचा दहावा भाग, अर्धा-पाऊण मिलिमीटर. छर्रा चार सेंटिमीटर डावीकडे जात असेल तर सुमारे ६० क्लिक. लोक दोन क्लिक फिरवतात, एक बार काढतात आणि स्कोप बिघडल्याचे जाहीर करतात. तो बिघडलेला असूही शकतो, म्हणून परीक्षा अशी: एक छर्रा मारावा, मग ४० क्लिक उजवीकडे, ४० वर, ४० डावीकडे, ४० खाली, आणि प्रत्येक वळणावर एक छर्रा. नेम सगळा वेळ एकाच ठिपक्यावर. कागदावर चौकोन उमटला आणि शेवटचा छर्रा पहिल्याशेजारी आला तर स्कोप सज्जन आहे. स्वस्तातला स्कोप बहुधा शंकरपाळा काढतो. अशा वेळी जाणकार स्क्रूवर पेन्सिलीने टकटक करतात, म्हणजे आत अडकलेली फुली जागेवर येते. यात विनोद नाही, खरेच करतात.

एवढे जुळल्यावर घरातले कोणीतरी म्हणते, “अहो, मग जवळ जाऊनच मारा ना.” तसे मुळीच करू नये. स्कोप नळीच्या चारेक सेंटिमीटर वर बसलेला असतो. दहा मीटरवर जुळवलेली बंदूक तीन मीटरवरून झाडली तर छर्रा फुलीच्या जवळजवळ तीन सेंटिमीटर खाली लागतो. म्हणजे दहा मीटरवरून पडणारी आगपेटी तीन मीटरवर शाबूत राहते, आणि ती सर्वांदेखत शाबूत राहते.

जत्रेत फुगेवाल्याची बंदूक बघावी. माशी वाकडी, दस्त्याला सुतळी, स्प्रिंग म्हातारी. गिऱ्हाइकाचे दहातले आठ छर्रे पडद्यात जातात. मग फुगेवाल्याचा दहा वर्षांचा पोरगा तीच बंदूक उचलतो, फुग्याच्या वीतभर बाजूला कुठेतरी बघतो आणि ओळीने सहा फुगे फोडतो. त्याला आपल्या बंदुकीची खोड ठाऊक आहे. त्याच्यापुढे स्कोपचा विषय काढू नये. तो किंमत विचारतो.

शेवटची सूचना कागदपत्रांविषयी. स्कोप चढवताना काढलेली मूळची माशी ड्रॉवरमध्ये दिसेल अशी ठेवावी, लवकरच लागेल. खोके, त्यातला थर्माकोल, भिंगावरची प्लॅस्टिकची झाकणे आणि बिल फेकू नये. बिलाची घडी मात्र घरात इतर कोणाच्या हाती लागणार नाही अशी घालावी. विकायला काढताना ‘क्वचित वापरलेला, खोक्यासह’ असे लिहिता येते, आणि घेणारा फोनवर पहिला प्रश्न विचारतो तो एकच: “दादा, किती पट आहे?”