मागच्या बाकावरच्या मुख्याध्यापिका

आमच्या डोंबिवलीच्या इमारतीला लिफ्ट नाही आणि तिसऱ्या मजल्यावरच्या नानींच्या गुडघ्यांत वंगण नाही. त्यामुळे नानी खाली उतरत नाहीत; त्यांच्या शाळा टॅबवरून वर येतात. सोमवारी-गुरुवारी मोडी लिपी, शिवाय केंद्र सरकारच्या ‘स्वयं’वर आयआयटीवाल्यांचा बारा आठवड्यांचा मानसशास्त्राचा कोर्स.

वय 82, निवृत्त मुख्याध्यापिका. यांच्या नुसत्या चपला वाजल्या तरी वर्ग चिडीचूप व्हायचे, असं त्यांचे साठीकडे झुकलेले विद्यार्थी अजूनही दबक्या आवाजात सांगतात. त्या बाई आता वर्गात कशा बसतात? कॅमेरा बंद, माइक बंद, मांडीवर मेथीची जुडी. सरांनी हाक मारली की पानं खुडता खुडता म्हणतात, “सर, रेंज जातेय हो.” फुकटातलं झूम चाळीस मिनिटांनी आपोआप तुटतं. एकोणचाळिसाव्या मिनिटाला नानी अवघड शंका काढतात आणि सर अर्ध्या वाक्यात गायब झाले की खुदकन हसतात.

मोडीत आधी पानभर रेघ ओढायची, मग तिला अक्षरं टांगत जायचं. ते पटकन जमलं. पण जीव जडला तो निराळ्याच गोष्टीवर: मोडीत ऱ्हस्व-दीर्घाचा भेद पाळत नाहीत! ‘आणि’ला दुसरी वेलांटी दिली म्हणून ज्यांनी पोरांकडून पानंच्या पानं लिहून घेतली, त्या बाई आता “पहिली काय नि दुसरी काय!” म्हणत बेफाम बोरू चालवतात.

‘स्वयं’च्या त्या कोर्सात बारा गृहपाठांपैकी सर्वांत चांगले आठच धरतात. म्हणजे चार आठवडे दांडी मारायला सरकारी परवानगी, हा नानींचा अर्थ. शेवटची परीक्षा मात्र केंद्रावर जाऊन द्यायची. घरबसल्या शिकवून परीक्षेला घराबाहेर बोलावणाऱ्याचे गुडघे नक्कीच शाबूत असणार. “हजार रुपये फी, वर मला उचलून नेणाऱ्यांचा चहा,” असा हिशेब मांडून नानींनी प्रमाणपत्रावर पाणी सोडलं.

परवा मोडीच्या सरांचा निरोप मुलाच्या व्हॉट्सअॅपवर आला: आईंचा गृहपाठ मिळाला नाही. मुलगाही साठीला टेकलेला. मोबाइल घेऊन गुन्हेगारासारखा समोर उभा राहिला. नानींनी चष्म्यावरून पाहिलं.

“लिही, आईची तब्येत बरी नव्हती. आणि खाली पालक म्हणून तुझं नाव घाल.”